पाणी गाळता गाळता पाठ झालेलं स्तोत्र

कारंज्यात आमच्या मंदिरात पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी बायका एकेकीनं उभं राहून स्तोत्र म्हणतात, तेही पुस्तकात न बघता. मागच्या वर्षी मी मधल्या कडव्यापाशी अडकले. धाकट्या जावेनं मागून पुढची ओळ सांगितली, तीही अशी की पुरुषांच्या बाजूलाही ऐकू गेली. घरी आल्यावर म्हणाली, "ताई, पुढच्या वर्षी पुस्तक हाती घेऊनच म्हना. या वयात कायले जिवाले तरास?"

वय काढलं तिनं! मी चंगच बांधला.

यंदा श्रावणापासून रोज स्वयंपाकघर आवरलं की मी पुस्तक उघडायचे. डोळे मिटू लागले की चहा, पुन्हा मिटू लागले की पुन्हा चहा. झोप मला वैरीणच वाटायची. सकाळी आठवून बघावं तर पालथ्या घड्यावर पाणी. रडू यायचं, पण पुस्तक सोडलं नाही.

मग पर्युषण लागलं. या दिवसांत आम्ही सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही घेत नाही, तिथे चहा कुठला? पहिल्याच संध्याकाळी दोन-चार ओळी वाचल्या आणि पुस्तक छातीवर तसंच ठेवून झोपले. सकाळी उठून स्वतःवर चरफडत हंड्याला फडकं बांधलं, पाणी गाळायला घेतलं, तर कालच्या ओळी आपसूक तोंडात. हातातला तांब्या तसाच राहिला.

मग मी झोपेलाच कामाला लावलं. संध्याकाळी पुढची काही कडवी वाचायची, लगेच आडवं व्हायचं, आणि सकाळी पाणी गाळताना सगळं पहिल्यापासून म्हणून बघायचं. हे दुकानातून आले की दारातूनच विचारायचे, "शिकून राह्यली का घोरून राह्यली?"

"दोन्ही," मी पांघरुणातूनच म्हणायचे.

शेवटच्या दिवशी पुस्तक मुद्दाम घरी ठेवलं. जाऊ मात्र आपलं उघडून माझ्या मागेच बसली. मधलं ते कडवं आलं आणि मी पुन्हा अडकले. मागे पान वाजलं. मी वळले नाही. डोळे मिटले, फडक्यातून हंड्यात पडणारं पाणी आठवलं, आणि ओळ आली. तिच्यामागून पुढची आली.

अजून बरीच कडवी बाकी होती, तेवढ्यात जावेनं पुस्तक मिटलेलं मला ऐकू आलं.