बोटीवरची सलूनची खुर्ची

रविवार, दुपारचे चार. इंदापूरच्या बाजूला उजनी धरणाच्या फुगवट्याचा काठ. एक मोटारबोट, पाच माणसं आणि चालकाची एकच खुर्ची.

आमच्या कंपूचे सगळे किस्से एवढ्यातूनच निघाले. आधी एकच होता, तो आम्ही चहाबरोबर सांगायचो. मग दुसरा झाला, तिसरा झाला. पुढं पुढं नवा माणूस भेटला की कुठून सुरुवात करायची यावरूनच आमच्यात जुंपायची. वार्ताहर म्हणून मी आमच्यातल्या सदाशिवपेक्षा आठ वर्षांनी जुना आहे. तेव्हा सुरुवात मीच करणार.

*

बोट विलासरावांची. सणसरचे ऊस बागायतदार, अंगानं भरभक्कम, आवाज त्याहून मोठा. मुंबईकडच्या एका हॉटेलवाल्याकडून त्यांनी ती जुनी घेतली आणि उसाच्या ट्रॉलीवर टाकून गावातून मिरवत आणली.

चुलतभाऊ बांधावर उभा होता. म्हणाला, "विलासराव, हिला नांगर कुठनं जोडायचा?"

"ट्रॅक्टर तुज्याकडं बी हाय," विलासराव म्हणाले. "बोट हाय का?"

चुलतभाऊ पुढं दोन वर्षं बोलला नाही. विलासरावांच्या मते बोटीचे पैसे तिथंच वसूल झाले.

*

बोटीला एकच खोड होती. चालकाची जागा मागच्या बाजूला आणि खोलगट. इंजिनाला जोर दिला की पुढचं टोक घोड्यासारखं उचलायचं, आणि बसलेल्या माणसाला समोर फक्त आभाळ. पुढची प्लास्टिकची काच उन्हानं पिवळी पडलेली, म्हणजे ते आभाळही धड निळं नाही.

पहिल्याच दिवशी डॉक्टर चालवायला बसले. डॉक्टर म्हणजे बारामतीचे जनावरांचे डॉक्टर, आमच्यातले सगळ्यांत शांत गृहस्थ.

"डॉक्टर, पुढं काय दिसतंय?" मी विचारलं.

"एक घार," डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यात बोट चिखलात रुतली. डॉक्टर म्हणाले, "घार तर वेगळ्याच दिशेला गेली."

*

मग जागा उंच करण्याचे उद्योग सुरू झाले. विलासरावांनी आधी भंगारातली एसटीच्या ड्रायव्हरची सीट बसवली. उंची बरोबर, पण स्टिअरिंग थेट त्यांच्या पोटात. मग ट्रॅक्टरची लोखंडी सीट. मे महिन्यात तिच्यावर बसलेला माणूस बसल्यापेक्षा लवकर उठायचा.

शेवटी बारामतीत एका सलूनचं नूतनीकरण निघालं, तिथली जुनी खुर्ची आली. लाल रेक्झिन, डोकं टेकायला उशी, आणि खाली जाड आट्यांचा दांडा. सीट एकीकडं फिरवली की वर चढते, दुसरीकडं फिरवली की खाली. प्रत्येकाला आपापली उंची! आम्ही विलासरावांच्या डोक्याचं कौतुक करत घरी गेलो. खरं सांगायचं तर मला त्या रात्री झोप लागली नाही. त्या खुर्चीवर आधी कोण बसणार, एवढंच डोक्यात.

*

बसला सदाशिव.

सदाशिव म्हणजे दुसऱ्या दैनिकाचा बारामतीचा वार्ताहर. बातमीत माझ्या मागं, पण खुर्चीपाशी माझ्या पुढं. उंचीनं पाच फूट. खुर्ची त्यानं टोकापर्यंत चढवली, डोक्याला पांढरी टोपी घातली आणि माझ्याच हातात त्याचा कॅमेरा दिला. "वसंतराव, परतताना एक छान काढा."

आमचा फेरा नेहमी डावीकडून वळणारा, कारण उजवीकडं कोळ्यांची जाळी. बोट डावीकडं वळली की खुर्ची मागं रेंगाळून थोडी उजवीकडं फिरायची. उजवीकडं फिरली की एक आटा खाली. हे आम्हा चार शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. सदाशिव निघाला तेव्हा सरदारासारखा दिसत होता. परतला तेव्हा काठावरून फक्त टोपी दिसत होती.

मी फोटो काढला. त्याच्या दैनिकात तो छापूनही आला. स्टिअरिंग, टोपी आणि खाली ओळ: बोट चालवताना आमचे प्रतिनिधी.

मी तो फोटो तालुकाभर दाखवून हसलो. पण माझ्या दैनिकानं वीस वर्षांत माझा फोटो एकदाही छापला नाही, हे त्यात कोणाला सांगितलं नाही.

*

खुर्ची खाली बसते कशी, हे शोधलं बापूनं. बापू कळस गावचा. आजोबांची मेंढरं होती, बापाची थोडी शेती. बापू विलासरावांची मोटार, पाइपलाइन आणि बोट सांभाळायचा. चाळिशीतला माणूस, बोलणं कमी. पाणी उतरलं की बुडालेल्या जुन्या गावाच्या कोणत्या भिंती कुठं वर येतात, हे त्याला तोंडपाठ. उथळ पाण्यात तो बोट उभ्यानंच हाकायचा, एरवी बसून.

त्यानं दांड्याला आरपार भोक पाडलं आणि त्यात बोटाएवढी लोखंडी पिन ठोकली. "आता फिरायची न्हाय अन् बसायची बी न्हाय."

"पण ही उंची कुणाची?" सदाशिवनं विचारलं.

"माजी," बापू म्हणाला. "पावनं आलं का मीच हाकतो न्हवं."

त्याचं खरं होतं, आणि तेच आम्हा चौघांना झोंबलं. त्या उंचीवर विलासरावांचे गुडघे स्टिअरिंगला लागायचे, सदाशिवचे पाय लोंबकळायचे, डॉक्टरांची पाठ दुखायची. मला तर सगळं नीट दिसायचं. पण खुर्ची बापूच्या मापाची आहे हे बसल्या बसल्या विसरता यायचं नाही.

*

मग विलासरावांची सासू आली. पुण्याची, कडक. बापूनं तिला बुडालेल्या देवळाच्या कळसाला वळसा घालून आणलं, पदराला थेंब लागू दिला नाही. उतरताना ती म्हणाली, "आमच्या जावयांपेक्षा हाच बरा चालवतो."

विलासराव हसले. त्याच संध्याकाळी बापूला फर्मान सुटलं: "पावन्यांम्होरं उभं ऱ्हायाचं न्हाय. बरं दिसत न्हाय. बसून हाकायचं."

"बसून टोकाजवळचं दिसत न्हाय, मालक."

"पिन हाय न्हवं? मग बस की."

*

आता शेवटचा. त्या रविवारी पाणी उतरलेलं होतं. विलासरावांनी पुण्याहून पाहुणे बोलावलेले, म्हणून बापू हुकमाप्रमाणं खुर्चीत बसलेला. त्याआधी सकाळी आम्ही चौघांनी एकेक फेरी मारून घेतली होती. आपापली हौस.

डावीकडचं पहिलं वळण. दुसरं वळण. मी मागं बसलो होतो. बापूचं डोकं खुर्चीसकट खाली गेलेलं मला दिसलं. मला हसू आलं, हे मी लपवत नाही. मला वाटलं, आता याचीही टोपी होणार. तेवढ्यात बापू धडपडत उभा राहिला आणि ओरडला, "गणपा, उडी मार!"

गणपा म्हणजे तिथला कोळी. त्याची होडी आमच्या टोकाखाली बरोबर मधोमध आली. तो उडी मारून वाचला, बापूनंच त्याला वर ओढून घेतलं. होडीचे दोन तुकडे झाले. त्याच्या पोटापाण्याचं तेवढंच साधन होतं. खुर्चीच्या दांड्यातलं पिनेचं भोक रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी सदाशिवच्या दैनिकात बातमी आली: चालकाचा निष्काळजीपणा. मी चिडून त्याच्या घरी गेलो आणि तासभर भांडलो. चिडलो ते बापूसाठी, की बातमी त्याची आधी आली म्हणून, हे त्यानं मला विचारलं. मी चपला घालून निघून आलो. माझ्या दैनिकात तिसऱ्या दिवशी जे आलं, त्यातही पिनेचा उल्लेख नव्हता.

विलासरावांनी बापूला कामावरून काढलं. हिशेबाच्या दिवशी आम्ही चौघं त्यांच्या पडवीत बसलो होतो. बापू आला. माझी कॅमेऱ्याची पिशवी त्या गडबडीत बोटीतच राहिली होती, ती त्यानं आणून दिली. "सायेब, आतलं सामान बगून घ्या."

मी चेन उघडली. कॅमेरा होता. दोन रोल होते. आणि रोलच्या खाली बोटाएवढी लोखंडी पिन.

बापूनं ती उचलून टेबलावर ठेवली. "ही आपूआप निगत न्हाय," तो म्हणाला. "हातुडी लागती. कुणी काडली, एवडंच सांगा. गणपाला मला तोंड दाखवायचं हाय."

विलासरावांनी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टरांनी सदाशिवकडं. सदाशिवनं माझ्याकडं. पिशवी त्या रविवारी सकाळपासून खुर्चीच्या पाठीला लटकलेली होती आणि सिगारेटचं पाकीट तिच्यातच असल्यानं चौघांचेही हात तिच्यात जाऊन आले होते.

मग बापू गेला.

पिन माझ्या पिशवीत निघाली. मी काढलेली नाही. बाकीचे तिघंही आजवर हेच म्हणतात.