हिरव्या टोपणाची नळी

नील, अनया, या सुट्टीत तुम्ही इंदापूरला मामाआजोबांकडे आठ दिवस राहणार आहात. ते मधेच "गप रे" म्हणतील आणि समोर कुणीच नसेल. तेव्हा तुम्ही गोंधळू नये म्हणून हे आत्ताच लिहिते. दत्ताला, म्हणजे माझ्या या धाकट्या भावाला, विचारूनच लिहिते आहे. तो म्हणाला, "लिही की. पण माझ्या टोपणाचं इसरू नगं."

त्याला बायपोलर डिसऑर्डर आहे. मन कधी इतकं वर चढतं की चार-चार दिवस झोप नाही, कधी इतकं खाली जातं की अंथरूण सोडवत नाही. शिवाय त्याला आवाज ऐकू येतात. लिथियमच्या गोळीने तो सावरला. ही गोळी रक्तात कमी पडली तर आजार उसळतो, जास्त झाली तर विषबाधा होते. म्हणून ठरावीक काळाने रक्तातली लेव्हल, म्हणजे तिचं प्रमाण, तपासावी लागते. ती तपासणी माझ्याच बारामतीच्या लॅबमध्ये व्हायची.

एका सकाळी त्याचा रिपोर्ट माझ्या हातात आला. लेव्हल धोक्याच्या रेषेच्या बरीच वर होती. माझी टेक्निशियन जयश्री हिने तोच नमुना पुन्हा मशीनवर लावला. आकडा तोच. मी त्याच्या डॉक्टरांना फोन केला.

"मॅडम, गोळी आत्ताच बंद करा. आणि त्यांना पुण्याला ॲडमिट करू. आजच."

गोळी बंद म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. मागे एकदा ती सुटली, तेव्हा दत्ताने आपल्या रोपवाटिकेतली विक्रीला तयार झालेली डाळिंबाची सगळी रोपं एका दिवसात उपटली होती. पुढचा सबंध पावसाळा हॉस्पिटलात गेला. त्यानंतर त्याने रोपवाटिका पुन्हा पहिल्यापासून उभी केली होती.

तो बाहेर बाकावर मंदाबरोबर, त्याच्या बायकोबरोबर, बसला होता. मी गाडी बोलावली आणि दोघांना सांगितलं.

"ताई, आवाज म्हणतोय, तू रक्त बदलतीस," दत्ता म्हणाला.

मंदाने कपाळाला हात लावला. "झालं का सुरू!"

"दत्ता, शांत बस. गाडी येते आहे," मी पेशंटशी बोलायच्या सुरात म्हणाले.

"आवाजाचं सोड गं. त्यो तर मंदीच्या च्यातबी इष हाय म्हणतो, तरी मी दोन कप पितो."

"माझ्या च्याला नावं ठिवू नगा," मंदा म्हणाली.

"पण नळीचं टोपण हिरवं हुतं, ताई. दर टायमाला लाल असतंय. ह्ये मी ऐकल्यालं न्हाय. डोळ्यानं बघितलंय."

मी तोंड उघडलं होतं ते त्याला गप्प करायला. तसंच मिटलं. दत्ता रोपांना वाणाप्रमाणे रंगीत फिती बांधतो. रंगात त्याची चूक होत नाही.

आत जाऊन नळी बघितली. टोपण हिरवंच. रक्त मीच काढलं होतं. लाल नळ्यांचा खोका रिकामा होता, म्हणून हाताला आली ती नळी घेतली. लाल नळीत रक्त गोठू देतात आणि वर सुटलेलं पिवळसर पाणी तपासतात. हिरव्या नळीत रक्त गोठू नये म्हणून आतून आधीच औषध लावलेलं असतं. चष्मा लावून नळीवरची बारीक अक्षरं वाचली. त्या औषधातच लिथियम होतं. मशीनने मोजलं त्यात माझ्या नळीतलंही होतं.

"मॅडम, नमुना दोनदा लावला," जयश्री हळूच म्हणाली, "टोपणाकडं एकदाबी बघितलं न्हाय."

मी डॉक्टरांना पुन्हा फोन लावला. "रिपोर्ट मागे घेते. चूक माझी आहे."

त्यांनी विचारलं, "हात थरथरतात? चालताना तोल जातो?"

"काही नाही. सकाळी एसटीत उभ्याने आलाय."

"मग लाल नळीत पुन्हा घ्या. तोवर थांबू."

जयश्रीने शेजारच्या लॅबमधून लाल नळ्या आणल्या. दत्ताने त्यातली एक स्वतः निवडली, तिच्यावर नाव स्वतः लिहिलं आणि मशीनशेजारी स्टूल ओढून बसला. लेव्हल जिथे हवी तिथेच निघाली. गोळी चालू राहिली. गाडी रिकामी परत गेली.

"आता आवाज काय म्हणतोय?" मी विचारलं.

"ह्येबी बदललंय म्हणतोय." तो हसला. "म्हणू दे."

माझ्या कामाची प्रमाणपत्रं भिंतीवर आहेत. पण त्या सकाळइतका अभिमान मला त्यांतल्या एकाचाही वाटत नाही, आणि त्या सकाळचं काम माझं नव्हतंच. डोक्यात आवाज चालू असताना ऐकलेलं एकीकडे आणि पाहिलेलं दुसरीकडे ठेवून माझ्या भावाने सांगितलं. मी फक्त आकडा पाहिला होता. आजारी माणूस बोलला तर आधी नळी तपासावी, मग माणूस.

पुढच्या खेपेला त्याने रोपवाटिकेतली लाल फीत आणली आणि लाल नळ्यांच्या ट्रेला बांधली. आता लॅब जयश्री चालवते. मशीन नवं आलं, रंग नवा लागला, दारावरची पाटी बदलली. फीत अजून तिथेच आहे.