खिडकीकडची खाट

१२ मे २०२५, सोमवार. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १८२० साली याच तारखेला झाला, म्हणून हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो; एवढे कुणालाही पडताळून पाहता येईल. त्या दिवशी बंगळूरमधल्या मल्लेश्वरमजवळच्या एका विद्यापीठाच्या नर्सिंग कॉलेजात नव्या मुलींनी हातात पणत्या धरून शपथ घेतली. पणत्या विझू नयेत म्हणून पंखे बंद होते आणि सभागृहात सगळ्यांना घाम फुटला होता. शेवटच्या रांगेतल्या गंगव्वाच्या घामाचे कारण मात्र वेगळे होते. सकाळीच फलकावर प्रात्यक्षिक चाचणीचा निकाल लागला होता आणि तीत ती नापास झाली होती.

गंगव्वा निपाणीकडची. घरात मराठी, शाळेत कन्नड. वडील पिराजी तंबाखूच्या वखारीत कामाला होते. डिप्लोमा करून ती बंगळूरला आली, याच विद्यापीठाच्या रुग्णालयात लागली, आणि पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात तिचे केस पिकले. कॉलेजच्या मुली शिकाऊ म्हणून वॉर्डात येत, तेव्हा शीर कशी शोधायची, कण्हणाऱ्याला कूस कशी बदलून द्यायची, हे त्या तिच्याकडूनच शिकत. त्या तिला गंगक्का म्हणत. पुढे विद्यापीठाने ठरवले की मुलींना शिकवण्याचे काम फक्त पदवीधरच करतील. अशी एक क्लिनिकल इन्स्ट्रक्टरची जागा दोनेक वर्षांत निघणार होती आणि गंगव्वाच्या मनाने ती घेतली. इतकी वर्षे जे काम ती कुणी न नेमता करत आली होती, त्यावर तिला आता स्वतःचे नाव हवे होते. त्यासाठी तिने पन्नाशीला टेकताना पदवीच्या वर्गात प्रवेश घेतला. आता ती शेवटच्या वर्षाला होती.

वर्गातल्या मुली तिच्या लेकीच्या वयाच्या. "अक्का, हजेरीला तुम्ही उभ्या राहू नका," एकीने पहिल्याच आठवड्यात सांगितले होते, "आम्हालाच उठून गुड मॉर्निंग म्हणावंसं वाटतं."

आणि शिकवायला होती वेदिका. वडिलांच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीमुळे पुण्याहून लहानपणीच इकडे आलेली, आणि एके काळी गंगव्वाच्याच हाताखाली पहिले इंजेक्शन दिलेली. वर्गात गंगव्वा तिला मॅडम म्हणे, वॉर्डात नुसते वेदिका.

निकालाच्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर तिने वेदिकाला जिन्यात गाठले.

"मॅडम, कशात गेले मी?"

"अक्का, तुम्ही पट्टी बघितली नाहीत. औषध देण्याआधी मनगटावरची नावाची पट्टी वाचायची, नाव विचारायचं, मगच हात लावायचा. तिथे चूक झाली की बाकीचं कितीही बरोबर असलं तरी शून्य."

"अग, ती सरावाची बाहुली! बाहुलीला नाव विचारू? जिवंत माणसाला मी चेहऱ्यावरून ओळखते. कुणालाही विचार वॉर्डात."

"ओळखता हो. पण परीक्षा ओळखीची नाही, पट्टीची आहे."

"व्हय, मोठी झालीस आता," गंगव्वा म्हणाली. हसली, पण ते बोलणे तिला लागले. फेरचाचणी जूनअखेर होती.

तिच्या बाजूने एवढे म्हणायला हवे की चेहरा ओळखते हा दावा खोटा नव्हता. त्या वॉर्डात माणसे आठवडेच्या आठवडे राहत आणि गंगव्वाला त्यांच्या सुनांची नावेही ठाऊक असत. चूक दुसरीकडे होती. पट्टी न पाहण्याची सवय ओळखीतून लागली होती, आणि ओळख नसेल तेव्हा ती सवय आपोआप सुटत नाही.

जूनच्या सुरुवातीला कॉलेजच्या वर्गांसाठी तिने आठवडाभर रजा घेतली. परतली ती संध्याकाळच्या पाळीवर. तोवर वॉर्डात दोन नवे म्हातारे आले होते. एक दामोदर, निवृत्त इंजिनियर, मराठी, मधुमेही. दुसरे मल्लाप्पा, देवनहळ्ळीकडचे शेतकरी, छातीत कफ भरल्याने त्याच दुपारी दाखल झालेले. त्यांना मधुमेह नव्हता. मल्लाप्पांना दिलेली खांबाजवळची खाट सकाळीच रिकामी झाली होती. तिथला माणूस गेला होता. हे शेजारच्या नातेवाइकांकडून कळताच मल्लाप्पांचा मुलगा गिरीराज अडून बसला: मेलेल्याच्या खाटेवर वडिलांना झोपवणार नाही. अशा वेळी त्या वॉर्डात एक रीत होती. ज्याला हरकत नसेल तो आपली खाट देई, उशी-डबे इकडचे तिकडे होत, आणि सिस्टर बघून न बघितल्यासारखे करीत. दामोदर खिडकीकडच्या खाटेवर होते. ते हसून म्हणाले, "मला द्या ती. जन्मभर बॉयलर सांभाळले मी, भूत माझं काय करणार? शिवाय पंखा तिकडेच आहे."

संध्याकाळच्या पाळीला कामे सांगताना दिवसपाळीच्या सिस्टरने सकाळपासून तोंडात बसलेलेच म्हटले: खिडकीकडचे दामोदर, जेवणाआधी इन्सुलिन. साखर एका विद्यार्थिनीने आधीच तपासून दामोदरांच्या नावापुढे लिहिली होती, तीही बरोबर.

गंगव्वा ट्रे घेऊन खिडकीकडे गेली. कानटोपी घातलेला म्हातारा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. गिरीराज खाली डबा आणायला गेला होता. आजाऱ्याची झोप मोडायची नाही, हे तिने शेकडो मुलींना शिकवले होते. तिने हळूच बाही सरकवली. पट्टी दुसऱ्या मनगटावर, पांघरुणाच्या आत होती. सुई टोचली तेव्हा म्हातारा नुसता हुंकारला.

ती ट्रे घेऊन वळली, तोच खांबाजवळून आवाज आला, "काय सिस्टर, आज माझ्यावर मेहेरबानी? सुई विसरलात वाटतं!"

गंगव्वाने त्या माणसाकडे पाहिले. मग परत येऊन झोपलेल्याचा दुसरा हात पांघरुणाबाहेर काढला आणि पट्टी वाचली.

पुढचे तिने एकही क्षण न दवडता केले, याबद्दल दुमत नाही. डॉक्टरला बोलावले, काय झाले ते त्याच शब्दांत सांगितले, ग्लुकोज लावले, आणि स्टूल ओढून खाटेशी बसली. साखर उतरली, म्हातारा घामाने भिजला, बरळला, मग साखर पुन्हा वर आली. गिरीराज डबा घेऊन आला तेव्हा ती मल्लाप्पांचा हात हातात धरून बसली होती. पाळी संपली तरी ती उठली नाही.

घडले ते तिने स्वतः वरिष्ठांना कळवले. दुसऱ्या दिवशी वेदिका वॉर्डात आली.

"कळवलंत ते बरं केलंत, अक्का. लपवणारे असतात."

"त्या पोराला कुणी सांगितलं का?"

"घरच्यांशी बोलायचं काम डॉक्टरांचं. तुम्ही त्यात पडू नका. महिनाअखेरीला तुमची चाचणी आहे, मग इन्स्ट्रक्टरच्या मुलाखती. आता तुम्ही काही बोललात, तर ती जागा गेली म्हणून समजा."

"आणि नाही बोलले तर?"

"तर काय? म्हातारा सुधारतोय ना?"

तेव्हा ते खरे होते. पण त्याच आठवड्यात मल्लाप्पांचा कफ वाढला, श्वास लागला, आणि ते गेले. कागदावर कारण न्यूमोनिया असे आले.

काही दिवसांनी गिरीराज रुग्णालयाचे कागद न्यायला आला आणि कॉरिडॉरमध्ये गंगव्वाला शोधत आला. हातात पिशवी, पिशवीत शेतातले भलेमोठे पपनस. तो कन्नडमध्ये बोलत होता.

"अक्का, हे घ्या. झाड अप्पांनीच लावलं होतं."

"कशाला रे हे?"

"त्या संध्याकाळी अप्पांची साखर उतरली, डॉक्टर म्हणाले. तुम्ही रात्रभर बसलात. स्वतःची लेकसुद्धा बसली नसती."

गंगव्वाने पिशवी घेतली नाही. "गिरीराज, स्वल्प थांब," ती म्हणाली. "त्या संध्याकाळी…"

"मला सगळं माहीत आहे, अक्का," तो मध्येच म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "खाट मीच बदलायला लावली. तिथेच राहू दिलं असतं, तर असं झालं नसतं असं वाटतं. घरात सगळे मलाच बोलतात."

काय माहीत आहे, हे तिला विचारता आले असते. एकच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर काहीही आले असते तरी पुढचे वाक्य तिलाच बोलावे लागले असते. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग पिशवी घेतली. गिरीराज जिना उतरून गेला.

राजाजीनगरच्या घरी ते पपनस ओट्यावर पडून राहिले. नवरा नागराजने दोनदा सुरी घेतली, दोन्हीदा ती म्हणाली, "राहू दे." साल मऊ पडून वास यायला लागला तेव्हा त्यानेच काही न विचारता ते बाहेर टाकले.

फेरचाचणीत गंगव्वाने बाहुलीचे मनगट उचलले, पट्टी वाचली, नाव विचारले, पुन्हा पट्टी वाचली. वेदिकाने पुढे चला अशी खूण केली तरी तिने तिसऱ्यांदा वाचली. ती पास झाली. मुलाखतीत त्या संध्याकाळचा विषय कुणी काढला नाही, तिनेही काढला नाही. ऑगस्टमध्ये तिला इन्स्ट्रक्टरची जागा मिळाली. मुलींनी टाळ्या वाजवल्या, एकीने पेढे आणले.

तेव्हापासून ती शिकवते, आणि मुलींच्या मते उत्तम शिकवते: शीर, रक्तदाब, जखमेची पट्टी, कूस बदलणे. फक्त औषध देण्याआधी रुग्णाची ओळख पटवण्याचा धडा आला की ती वेदिकाला म्हणते, "मॅडम, एवढा तुम्ही घ्या." वेदिका कारण विचारत नाही. तो तास चालू असतो तेव्हा गंगव्वा बाहेर बाकावर बसून राहते. त्या विषयावर सांगण्यासारखे त्या कॉलेजात सर्वांत जास्त जिच्याकडे आहे, ती दाराबाहेर असते.

त्या इन्सुलिनमुळे मल्लाप्पांचे मरण जवळ आले की ते तसेही येणार होते, हे ठरलेले नाही. शवविच्छेदन झाले नव्हते. खाटा बदलल्याचे दिवसपाळीच्या सिस्टरला ठाऊक असूनही जुनेच सांगितले गेले, की ते तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते, याबद्दल त्या पाळीतल्या दोघी दोन गोष्टी सांगतात. आणि कॉरिडॉरमध्ये "मला सगळं माहीत आहे" म्हणणाऱ्या गिरीराजला नेमके काय माहीत होते, हे अजून कुणालाच माहीत नाही. गंगव्वालाही नाही.