निगेटिव्ह एरियातला जानू

जानूला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो त्याच्या जीपखाली होता. नुसते पाय दिसत होते. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीच्या शाळेवर माझी बदली झाली होती आणि एसटीने मला फाट्यावर उतरवून दिलं होतं. "बसा गुरुजी, निघतोच," असं त्या पायांनी सांगितलं. निघायला तासभर लागला. पुढे मी कित्येक वर्षं त्या जीपने वर गेलो. ती वेळेवर सुटल्याचं मला एकदाही आठवत नाही, पण सुटलीच नाही असंही कधी झालं नाही.

आमची बौद्धवाडी विसेक उंबऱ्यांची. एसटी फाट्यावर थांबते, वर येत नाही. पाचवीपर्यंतची शाळा वाडीत, पुढचं सगळं पोलादपुरात. जानूची जीप नव्हती तेव्हा वाडीतल्या पोरी पाचवीनंतर घरी बसायच्या, कारण दीड तासाच्या रानवाटेने त्यांना एकटं कोण पाठवणार? जीप आली आणि पोरी दहावीला बसू लागल्या. जानू काही समाजसुधारक नव्हता. भाडं चोख घ्यायचा, सुट्टे नाहीत म्हटलं की वसकन अंगावर यायचा. पण पोरींचं भाडं महिनोन्‌महिने थकलं तरी त्यांच्यापैकी कुणाला त्याने खाली ठेवलं नाही.

दरडीखाली तळीये गाव गेलं त्या जुलैत आमच्या वाडीच्या डोक्यावरही डोंगराला भेग पडली. आत हात जाईल एवढी. बाकीचे रडत बसले, जानू कामाला लागला. साहेबांना जीपमधून वर आणायचा, भेग दाखवायचा, परत सोडायचा, डिझेल पदरचं. जमीन तपासणारे आले आणि वाडी धोक्याच्या यादीत गेली. सगळ्यांना खाली, फाट्याजवळ घरं मिळायची ठरली. जागा बघणं सुरू झालं, आणि पुढे बरेच दिवस ते सुरूच राहिलं. तरी यादीत नाव लागलं म्हणून वाडीने जानूला हार घातला. नीलावहिनी, म्हणजे त्याची बायको, तेव्हापासून नव्या घराच्या गोष्टी सांगायची. तिला ओटा खिडकीखाली हवा होता.

मग जीप मेली. महाडचा गॅरेजवाला इरशाद तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, की जानूभाय, पासिंग आता व्हायचं नाही, भंगारात घाल. इरशादनेच एक वापरलेली सात सीटची गाडी शोधून दिली. डाऊन पेमेंटपुरते पैसे वहिनीच्या बचत गटातून उभे राहिले. उरलेल्यासाठी महाडच्या एका फायनान्स कंपनीत अर्ज केला. मी सोबत होतो. जानूने आयुष्यात एक हप्ता चुकवलेला नव्हता, त्यामुळे तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि येताना पेढ्यांचा भावही विचारून झाला होता.

काउंटरवर ऋत्विक नावाचा टाय लावलेला मुलगा होता. मुलगा वाईट नव्हता. बराच वेळ कॉम्प्युटरकडे बघून तो म्हणाला, "काका, तुमचं सगळं चांगलं आहे. गाव चांगलं नाही."

त्याने समजावून सांगितलं. दरडीच्या यादीतली गावं त्यांच्याकडे निगेटिव्ह एरिया म्हणून धरतात. तिथल्या पत्त्यावर कर्ज होत नाही, कॉम्प्युटर पुढेच जात नाही. घर गेलं तर दारातली गाडीही गेली, मग कंपनीने वसुली कुणाकडून करायची? म्हणजे ज्या यादीसाठी हा माणूस पदरचं डिझेल जाळत हिंडला, त्याच यादीने त्याला दारातून परत पाठवलं. मला असा संताप आला होता, पण काढायचा कुणावर? त्या टायवाल्या पोरावर?

नंतर जे जे सुचलं ते सगळं करून पाहिलं. दुसऱ्या कंपनीनेही तेच सांगितलं. मग महाडात राहणाऱ्या मेव्हण्याचा पत्ता दिला. चौकशीला माणूस आला आणि त्याने शेजारच्या जहांआराबींना विचारलं, जानू इथेच राहतो का. बाई खोटं बोलणारी नव्हे. मटण असलं की येतो, म्हणाली. तो अर्ज तिथेच गेला. पतसंस्थेत मी जामीन राहायला तयार झालो, तर पुढच्या वर्षी निवृत्त होणारा मास्तर चालत नाही म्हणाले. मास्तर फक्त सत्काराला चालतो.

इकडे पोरी पायी जात होत्या. महिन्याभरात दोघी घरी बसल्या. जानूची अक्षदा नववीत होती. ती जात राहिली, बापाशी मात्र बोलेनाशी झाली. जानू दुसऱ्याच्या टेम्पोवर हमाली करायचा आणि वाडीतल्या कुणी काही विचारलं तर मान खाली घालायचा. इतका वसवसणारा माणूस, एका दुपारी शाळेच्या पायरीवर येऊन बसला आणि माझ्यासमोर ढसाढसा रडला. मी पाण्याचा तांब्या तेवढा पुढे केला.

वाट शेवटी ऋत्विकनेच दाखवली. तुमचं स्वतःचं घर धोक्याच्या पट्ट्याबाहेर आहे असा दाखला आणा, मी वर पाठवून बघतो, म्हणाला. जानूचं घर वाडीच्या तळाशी, एका कडेला होतं. ग्रामसेवकांनी येऊन जागा पाहिली. दाखला देता येईल, म्हणाले, पण मग खालच्या घरांच्या यादीतून तुमचं नाव निघेल, तशी सही द्यावी लागेल. एकाच घराला धोका आहे आणि नाही, असं दोन्ही मी कसं लिहू? माणूस सरळ होता आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं.

मी जानूला थांब म्हटलं. घर पुन्हा मिळत नाही, गाडीचं काहीतरी होईल.

"कुठवर थांबू, गुरुजी?" तो म्हणाला. "घरं कधी व्हतील ते कुणाला ठावं नाय. पोरीचं वरीस चाललंय."

वहिनी चुलीपुढे होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "सही करा," म्हणाली. "आतापरेंत राह्यलोच ना हितं. गाडी आली तर खाऊ तरी."

गाडी आली. वाडीने नारळ फोडला, घरी बसलेल्या दोघी पुन्हा शाळेला जाऊ लागल्या. अक्षदा दहावी झाली, अकरावीला गेली. जानू पुन्हा सुट्ट्यांवरून भांडू लागला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी निवृत्त होऊन पोलादपुरात राहायला आलो तेही त्याच्याच गाडीतून, आणि भाडं त्याने चोख घेतलं.

आणि मग घरं झाली. खरंच झाली. फाट्याला लागून, एका ओळीत, नळासकट. सगळ्या वाडीचं सामान जानूनेच खाली आणलं. भांडी, कपाटं, बाबासाहेबांच्या तसबिरी, शेजारच्या चांगूची आजारी म्हातारी आई. लोक पूर्ण भाडं पुढे करत असताना त्याने फक्त डिझेलचे पैसे घेतले. चार दिवस गाडीला उसंत नव्हती. त्या चार दिवसांत एक गोष्ट ना त्याच्या लक्षात आली, ना माझ्या, मी तर शिकलेला माणूस.

पाचव्या दिवशी वाडीत एकच घर उरलं होतं, जानूचं. आणि खाली राहायला गेलेल्यांच्या दारातच एसटी थांबत होती. आता जानूच्या गाडीत बसणार कोण?

कुणी त्याला फसवलं नव्हतं. ज्याने त्याने खरं तेच सांगितलं होतं. तो पोलादपूरच्या स्टँडवर उभा राहू लागला, पण तिथे आधीच नंबर लावून उभे असलेले आपल्यात दुसऱ्याला घेत नाहीत. गाडी विकावी तर कर्ज फिटण्याइतकी किंमत येईना. दाखला रद्द करा म्हणून तो अर्ज घेऊन गेला, तर बांधलेली घरं वाटून संपली होती.

गेल्या पावसाळ्यात इशारा आला, वर कुणी राहू नका. संध्याकाळी मी डबा घेऊन फाट्यावर गेलो. नव्या घरांच्या ओळीच्या टोकाला जानूची गाडी उभी होती. मागच्या सीटवर अक्षदा पुस्तक घेऊन बसली होती, वहिनी पुढच्या सीटवर स्टोव्ह पुसत होती. ओळीतल्या प्रत्येक घराने त्यांना आत बोलावलं होतं. मीही म्हटलं, वहिनी, माझ्याकडे चला.

"कुणाच्या घरात किती दिस राहायचं, गुरुजी?" ती म्हणाली. "घर देऊन ही घेतली. आता हीच घर."

ती रागाने बोलली असती तर मला सोसलं असतं. जानू चाकाशी उकिडवा बसला होता. डबा त्याने घेतला, खाली ठेवला, आणि माझ्याकडे न बघता हळू आवाजात विचारलं, "तुमच्या वळखीत कुणाला महाडला जायचं हाय का? उद्या हप्ता हाय."