वडिलांचा डावा पाय

माझे वडील नाशिक रोडच्या मालधक्क्यावर मुकादम होते. हमालांना ते नावानं हाक मारत नसत, शिवी घालूनच बोलावत. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास चालताना त्यांच्या डाव्या पोटरीत गोळे येऊ लागले. धक्क्याच्या टोकाला पोचेपर्यंत मध्ये थांबून पोटरी चोळावी लागे. ते थांबले की मागचे हमालही थांबत आणि तशीच पोटरी चोळत. डबा द्यायला गेले की मी हे पाहायचे. वडील वळले की सगळे पोत्यांना हात घालत.

पुढे पाऊल थंडगार पडलं, निळसर दिसू लागलं. आईनं ते गरम विटेनं शेकलं. भाजतंय हे त्या पायाला कळलंच नाही. फोड आला, फुटला, जखम चिघळली आणि अंगठा काळा पडला.

"हिनं जाळला माझा पाय," वडील येईल त्याला सांगत. आई चहा ठेवायला आत निघून जाई.

पहिल्या डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापायला सांगितलं. आईला ते पटेना. गंगापूर रोडला मुंबईहून एक तरुण सर्जन आलेत असं कळल्यावर ती वडिलांना घेऊन तिकडे गेली. मीही बरोबर होते. सर्जननी समजावलं, "बिडीनं पायाच्या रक्तवाहिन्या आवळत चालल्यात. मोठी चिरफाड नको. एक्स-रेच्या पडद्यावर बघत कमरेतून लांब सुई घालू आणि त्यांना आवळून धरणारे मज्जातंतू औषधानं मारू. जमलं तर पाय वाचेल. पण यापुढे बिडी एकही नाही."

जमलं. थोड्या वेळानं आईनं तळव्याला हात लावून पाहिला.

"ऊन लागतोय गं," म्हणाली आणि रडायलाच लागली.

अंगठा तेवढा काढावा लागला, जखम मात्र भरली. वडील कॅनव्हासचे बूट घालून पुन्हा धक्क्यावर उभे राहिले.

पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "बिडीचा वास येतोय."

"ही ओढते," वडील म्हणाले.

डॉक्टर आईकडे वळले. "खरं आहे?"

आईनं वडिलांकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

"बाई, नवऱ्याचा पाय नकोसा झालाय का तुम्हाला?"

मी बोलायला तोंड उघडलं, तर वडिलांनी टेबलाखालून माझं मनगट पिरगाळलं.

दोनेक वर्षांत उजव्या पायानंही तेच सुरू केलं. या वेळी त्यांनी कुणाला सांगितलं नाही, बुटातल्या बुटात सडू दिला. वास घरभर झाला तेव्हा आम्हाला समजलं. सुईची वेळ निघून गेली होती. पाय मांडीतून कापला.

तोवर माझं लग्न झालं होतं. उन्हाळ्यात माहेरी आले तर वडील खाटेवरून आईला हाका मारत होते. ती लगेच उठली नाही. सुपातले तांदूळ निवडून झाले, मग उठली. फळीवरून बिडीचं बंडल आणि काडेपेटी काढून त्यांच्या उशाशी ठेवली.

"आई, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"मागतात."

"आणि उरलेला पाय?"

"त्यांचाच हाय तो," ती म्हणाली आणि तांदळाचा डबा पुढ्यात ओढला.