उन्हाचा आरसा आणि मोझांबिकची पाहुणी

लग्न होऊन मी इब्रामपूरच्या वरच्या वाड्यावर, म्हणजे वरच्या वस्तीवर आले, तेव्हा गोवा नुकतंच वेगळं राज्य झालं होतं. माझं माहेर डिचोलीच्या बाजारातलं, बटण दाबलं की पंखा फिरे. इथे मात्र विजेचे खांब व्हाळापलीकडे, ओढ्याच्या त्या काठाला येऊन थांबले होते आणि पुढे सरकायचं नाव घेत नव्हते. रोज दुपारी कंदिलांच्या काचा राखेने पुसणं, हे नव्या सुनेचं काम.

अशात एक दिवस पणजीहून सरकारी जीप आली. तीत एक तरुण इंजिनीयर होता. त्याच्या माणसांनी देवळासमोर लोखंडी खांब रोवला, त्याच्या डोक्यावर काळ्या-निळ्या काचेच्या दोन पाट्या बसवल्या, खाली पेटीत बॅटरी ठेवली आणि मंडपात दोन ट्यूब लावल्या. ऊन काचेवर पडलं की त्याची वीज होते, ती बॅटरीत साठते आणि तिन्हीसांजेला दिवे लागतात, असं त्याने समजावलं. वाड्याने त्या वस्तूला लगेच नाव देऊन टाकलं, 'आरसो'.

"रोज काच पुसायची आणि बॅटरीतलं पाणी बघायचं. कोण करणार?" त्याने विचारलं.

पुरुष मागे सरकले. तेवढ्यात माझ्या सासूबाई पुढे झाल्या. "आमची सून करतली. ती डिचोलची. करंटातला सगळा कळता तिका!"

बटण दाबण्यापलीकडे मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. वाड्यावरचे एक थोरले काका म्हणाले, "सुनेन शिडयेर चडलेला बरा दिसणा नाय."

"मगे तुमी चडा," सासूबाई म्हणाल्या. काकांचे गुडघे दुखत होते. विषय तिथेच संपला.

तेव्हापासून रोज सकाळी पदर खोचून मी शिडी चढे आणि सासूबाई खाली शिडी धरून उभ्या राहत. वरून व्हाळ दिसे, काजूचे डोंगर दिसत, थेट महाराष्ट्राची हद्द दिसे. अख्ख्या वाड्यात माझ्याइतक्या उंचीवर दुसरी बाई नव्हती. मला तर काच पुसून झाली तरी उतरावंसं वाटत नसे.

वर्षभराने निरोप आला की आफ्रिकेतल्या मोझांबिक देशाचे तीन पाहुणे आमचा आरसा बघायला येणार. त्यांच्याकडच्या खेड्यांतही खांब पोचले नव्हते, म्हणून ते उन्हाची वीज शिकत होते. वाडा पिसाळल्यासारखा कामाला लागला. मंडप सारवला, वाजवायला मातीची घुमटं काढली, पोदेराला म्हणजे पाववाल्याला उंड्यांची, गोल पावांची टोपली सांगितली. स्वागताचं भाषण मराठीत करायचं की कोकणीत यावर दोन दिवस भांडण झालं. ते दिवसच तसे होते, घराघरात तोच वाद. शेवटी भाषण कुणीच लिहिलं नाही.

आरसा सजवायचं माझ्याकडे होतं. मी त्याला आंब्याची तोरणं आणि झेंडूचे जाडजूड हार घातले, मधोमध कुंकवाचं बोट लावलं. कार्यक्रम तीन दिवसांनी होता, पण मला धीर कुठला! रोज चढून हार न हलवता मी कडेकडेने काच पुसत होते. आत घुमटाच्या तालमी रोज दिवे लावून चालल्या होत्या.

पाहुणे आले. दोन पुरुष आणि एक उंच, ठसठशीत बाई, डोक्याला पिवळंधमक कापड गुंडाळलेलं. तीच त्यांची मुख्य इंजिनीयर. आमच्या इंजिनीयरने पाठ केलेलं इंग्रजी म्हणून दाखवलं. ती नुसती गोड हसली. तिला इंग्रजी जेमतेम येत होतं आणि तिचा दुभाष्या पोट बिघडून पणजीलाच राहिला होता.

तेव्हा माझे सासरे उठले. लहानपणी ते पोर्तुगीज शाळेत दोन इयत्ता शिकले होते. गोवा मुक्त झाल्यापासून त्यांच्या तोंडून त्या भाषेतलं अक्षर कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "बों दिया, सिन्योरा!"

बाईने आनंदाने किंकाळीच फोडली. त्यांचे दोन्ही हात धरून ती धडाधड बोलू लागली. तिच्या देशातही पोर्तुगीजांचंच राज्य होतं! मामंजी अडखळत, घाम पुसत उत्तरं देत होते आणि सासूबाई नवऱ्याकडे अशा बघत होत्या, जणू आजच वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आलाय.

मग इंजिनीयरने ऐटीत बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. त्याचा चेहरा उतरला. बाईने मान वर करून आरशाकडे बघितलं आणि पोट धरून हसत सुटली. मामंजींना काहीतरी सांगितलं.

"ती विचारता," मामंजी म्हणाले, "जेवपाक बसयलास आणि तोंड कित्या बांदलास?"

माझे हार! तीन दिवस उन्हाचा घास काचेपर्यंत पोचलाच नव्हता. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण बाईने झगा खोचला आणि शिडी चढू लागली, मलाही खुणेने मागे बोलावलं. ती वरच्या पायरीवर, मी खालच्या. ती एकेक हार काढून माझ्याच गळ्यात घालत गेली. नाकापर्यंत झेंडू आला तेव्हा मीही हसायला लागले, आणि मग सगळा वाडाच.

अजून सकाळच होती, ऊन कडक. पाहुण्यांनी थांबायचं ठरवलं. जेवताना तिने सांगितलं, तिच्याकडे पहिल्या पाटीवर बायकांनी मासळी वाळत घातली होती, काच झकास तापते म्हणून. "शाण्यो बायको!" सासूबाई मनापासून म्हणाल्या. मामंजींनी तेही भाषांतर करून सांगितलं.

दुपारभर आम्ही तिला फुगडी शिकवली. तिची माझी जोडी लागली तेव्हा देऊळ, खांब, माणसं सगळं गरगर एक झालं, आणि दोघी पडल्या जागीच मांडी घालून बसलो. सूर्य कलल्यावर तिने माझा हात धरून बटणावर ठेवला. मी दाबलं. ट्यूब एकदा फडफडली आणि मंडप उजळला. घुमटं अशी वाजली की इंजिनीयरही नाचला.

काही महिन्यांनी तिचं पत्र आलं. मामंजींनी ते ओसरीवर बसून मोठ्याने वाचलं. तिच्या गावच्या दवाखान्यात आरसा बसला होता, बाळंतिणीच्या खोलीत दिवा लागला होता. पुढच्या एका शब्दावर मात्र मामंजी अडले. ते तडक उठले आणि दोन मैलांवरच्या, पोर्तुगीज जाणणाऱ्या म्हाताऱ्या पोदेराकडे चालत गेले. परतले ते लांबूनच ओरडत, "सुईण! सुईण!" आता तिथल्या सुईणीला दातांत विजेरी धरून बाळंतपण करावं लागत नाही, असं ते वाक्य होतं. त्यांनी पाणीसुद्धा न पिता दौत-टाक मागवलं आणि तिला उत्तर लिहायला बसले.