दिवेवाल्याची राहिलेली गोष्ट

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. मी पांढरकवड्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आम्ही ख्रिस्ती. दर रविवारी चर्चमध्ये जाणारं आमचं घर, आणि बाहेरून पाहणाऱ्याला मीही श्रद्धाळूच वाटत असणार. पण बाबा गेले त्या वर्षापासून माझी प्रार्थना बंद पडली होती. आजारपणात ते तीन महिने अंथरुणावर होते आणि मी रोज त्यांच्या उशाशी गुडघे टेकत होते. शेवटी ते गेलेच. त्यानंतर चर्चमध्ये मी गीतं म्हणायची, मुलांना वचनं पाठ करायला लावायची, पण डोळे मिटले की आत काहीच नसायचं. कुणापाशी हे बोलण्याची हिंमत नव्हती. चर्चच्या पाळकांच्या बायकोने एकदा विचारलं, तेव्हा शाळेच्या कामाचा थकवा आहे म्हणून सांगितलं.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. ते झरी जामणीकडच्या एका पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या जंगलातल्या छोट्या वस्तीवर, प्राथमिक शाळेत गुरुजी होते. आठवडाभर तिथेच राहायचे आणि शनिवारी सायकलने, कधी एसटीच्या टपावर सायकल टाकून, घरी यायचे. रविवारी चर्चच्या पडवीत मुलांचा वर्ग घ्यायचे. परदेशात ख्रिस्ती लेखकांनी मुलांसाठी लिहिलेल्या अद्भुत गोष्टींची जुनी पुस्तकं त्यांनी कुठून कुठून मिळवून वाचली होती, आणि त्या नादात स्वतःचीच एक लांबलचक गोष्ट रचली होती. एका मुलीची शेळी विहिरीत पडते, तिला शोधायला मुलगी आत उतरते आणि विहिरीच्या तळाशी तिला एक देश सापडतो, जिथे सूर्य कधी उगवलेलाच नाही. त्या देशात एक दिवेवाला दारोदार फिरतो आणि ज्याच्या घरी अंधार त्याच्या घरी ज्योत देऊन जातो. त्याची ज्योत कमी होत नाही. गोष्टीत येशूचं नाव कुठेही यायचं नाही. सरकारी शाळेत आपण धर्म सांगायचा नाही, हा बाबांचा स्वतःचा नियम होता, आणि तीच गोष्ट ते चर्चमध्येही तशीच, नावाशिवाय सांगायचे. आमच्या मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांना ते पटत नसे. शास्त्र शिकवायचं सोडून हे विहिरीतले देश कशाला, असं ते म्हणत. बाबा हसून ऐकून घ्यायचे.

मी अकरा वर्षांची असताना ती गोष्ट एका भयंकर ठिकाणी येऊन पोचली. मुलगी घाबरते. तिला घरी जायचं असतं. अंधाराचे रखवालदार तिला म्हणतात, दिवेवाला कोणत्या वाटेने येतो ते सांग, आम्ही तुला वर सोडू. ती सांगते. ते दिवेवाल्याला धरतात, त्याचा दिवा फोडतात आणि त्याला त्या देशातल्या सगळ्यांत खोल विहिरीत ढकलतात. बाबांनी त्या रविवारी गोष्ट तिथे थांबवली. मला इतका राग आला की घरी येऊन मी जेवले नाही. बाबा म्हणाले, पुढच्या रविवारी ये, अजून गोष्ट राहिली आहे. मी गेले नाही. मैत्रिणी चिडवत होत्या की एवढी मोठी झाली तरी गोष्टीसाठी रडते. मीही ठरवून टाकलं की हे सगळं लहान पोरांचं आहे. पुढे बाबांनी कधी आग्रह केला नाही आणि मी कधी विचारलं नाही. दिवेवाला विहिरीतच राहिला.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी माझी मुलगी रूथ, वय वर्षं नऊ, राळेगाव तालुक्यात तिच्या आत्याकडे चार दिवस राहायला गेली होती. सगळी भावंडं जमिनीवर सतरंजी टाकून ओळीने झोपलेली. पहाटे ती उठली आणि पोट दुखतंय म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, डोळे उघडत नाहीत. माझ्या नणंदेने अंथरूण झटकलं तर खाली मण्यार निघाला. मी दरवर्षी मुलांना विषारी सापांचा धडा शिकवते. मण्याराचा दंश मुंगी चावल्यासारखा असतो, कळतही नाही, हे फळ्यावर लिहून देते. आणि माझं स्वतःचं लेकरू यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत मान टाकून निपचित पडलं होतं.

आम्ही नवराबायको तिथे पोचलो तेव्हा तिच्या घशात नळी होती आणि मशीन तिच्यासाठी श्वास घेत होतं. विषावरची इंजेक्शनं देऊन झाली होती. तरुण डॉक्टर मॅडमनी आम्हाला बाजूला घेऊन समजावलं की या विषाने स्नायू लुळे पडतात, पापणीसुद्धा हलत नाही, पण मेंदू जागा असू शकतो. विष उतरेपर्यंत मशीनवर ठेवायचं आणि वाट पाहायची. किती दिवस, आणि पुढे काय, ते सांगता येणार नाही. मग त्या म्हणाल्या, "तिला सगळं ऐकू येत असेल, असं धरून चला. तिच्याशी बोला. ती आत एकटी आहे."

ती आत एकटी आहे. हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दिवसातून दोनदा एकेकाला आत सोडायचे. मी तिच्या कॉटशेजारी उभी राहायची, तिचा हात धरायची आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही. प्रार्थना म्हणायला गेले तर ती बाबांच्या उशाशी म्हटलेलीच प्रार्थना होती, आणि ती कुठे पोचली होती ते मला माहीत होतं. काहीतरी बोलायला गेले तर हुंदका यायचा. आपलं रडणं तिला ऐकू जाईल, या भीतीने मी ओठ दाबून धरायची. यजमानांनी एकदा विचारलं, काय बोललीस तिच्याशी? मी खोटंच सांगितलं की शाळेच्या गमती सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अशीच मुकी उभी होते. वॉर्डात साफसफाई करणाऱ्या एक मावशी होत्या, साधारण माझ्याच वयाच्या, किडकिडीत, कपाळावर गोंदण असलेल्या. सगळे त्यांना जंगूबाई म्हणायचे. त्या फरशी पुसत पुसत आमच्या कॉटपाशी आल्या आणि थांबल्या.

"काहून गप हाये बाई?" त्या हळूच म्हणाल्या. "पोरीले ऐकू येते म्हणते ना डाक्टरीण. मंग बोला ना तिच्यासंग."

मी मान हलवली. मला येत नाही, एवढंच कसंबसं म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, हातातलं फडकं बादलीत ठेवलं आणि हात पुसले.

"मले त् एकच गोष्ट येते," त्या म्हणाल्या. "लहानपणची हाये. सांगू का?"

मी हो म्हटलं. कुणाचा तरी आवाज रूथच्या कानावर पडावा, एवढंच मला हवं होतं. जंगूबाई कॉटच्या दांडीला धरून वाकल्या आणि त्यांच्या बोलीत सांगू लागल्या. एक पोरगी होती. तिची बकरी विहिरीत पडली.

पहिल्या दोन वाक्यांत मला काही कळलं नाही. विहिरीच्या तळाशी देश आला तेव्हा मी मान वर केली. दिवेवाला आला तेव्हा मी कॉट घट्ट धरली. गोष्ट बाबांचीच होती, पण आता तिच्यात मोहाची झाडं होती, तेंदूपत्त्याचे पुडके होते, आणि दिवेवाल्याच्या खांद्यावर कोलाम माणसाच्या खांद्यावर असते तशी कुऱ्हाड होती. मी थांबवून विचारलं, ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली? त्या सहज म्हणाल्या की पोडावर एक सायकलवाले गुरुजी होते, ते शाळा सुटल्यावर सांगायचे, सगळी पोरं आंब्याखाली बसायची. त्यांनी आपल्या तिन्ही लेकरांना तीच सांगून मोठं केलं, आता नातीला सांगतात. पोडावरच्या कितीतरी घरांत ती सांगतात म्हणे. त्या गुरुजींचं पुढे काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी कोण, हे मी तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या संकोचून गप्प झाल्या असत्या, आणि मला गोष्ट थांबू द्यायची नव्हती.

मग ती भयंकर जागा आली. दिवेवाल्याला विहिरीत ढकललं. माझ्या अकराव्या वर्षीचा तो राग जसाच्या तसा छातीत उभा राहिला, आणि तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की माझी श्रद्धासुद्धा इतकी वर्षं त्याच विहिरीच्या काठाशी थांबली होती. तो मेला, एवढंच मला माहीत होतं. वधस्तंभ, पुनरुत्थान हे सगळं मी पाठ केलं होतं, मुलांना शिकवलंही होतं. पण मनाच्या आतल्या खोलीत अजून दिवा फुटलेला होता, आणि पुढच्या रविवारी मी गेलेच नव्हते. मी घरी रुसून बसले होते तेव्हा माझ्याच वयाची एक कोलाम मुलगी आंब्याखाली बसून उरलेली गोष्ट ऐकत होती. बाबा ती तिच्यापाशी ठेवून गेले होते.

जंगूबाई सांगत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या विहिरींचं पाणी वर येऊ लागलं, आणि पाण्यातच उजेड होता. लोक भांडी घेऊन धावले. ती मुलगी मात्र लपून बसली, कारण तिनेच वाट सांगितली होती. दिवेवाला पाण्यातून वर आला, सगळ्यांना सोडून तिला शोधत गेला.

"तो तिले रागावला नाही," जंगूबाई रूथच्या कानाशी वाकून म्हणाल्या. "पयले त्यानं तिले नावानं हाक मारली. म्हणे, चाल, मी तुले न्यायले आलो."

मी तिथेच खाली बसले. कुणीतरी नर्स धावत आली, तिला वाटलं मला चक्कर आली. मला रडू येत होतं, पण ओठ दाबून धरायचं ते रडू नव्हतं. मला नावाने हाक मारल्यासारखं वाटलं. याहून जास्त त्याबद्दल मला सांगता येणार नाही. त्या संध्याकाळी आत गेले तेव्हा मी रूथशी बोलले. बाबांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, शेवटापर्यंत. बाहेर आल्यावर प्रार्थनाही केली, पण तिच्यात मागणं नव्हतं. लेकरू तुझ्या हाती आहे, तू ठेवशील तिथे ठेव, एवढंच म्हटलं, आणि ते म्हणताना पहिल्यांदाच मूठ आवळलेली नव्हती.

चौथ्या दिवशी रूथच्या उजव्या हाताचं बोट हललं. मग पापण्या. सातव्या दिवशी नळी काढली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या की वेळेत आणलं म्हणून वाचली, विष असंच हळूहळू उतरतं. ते खरंच आहे. त्या इंजेक्शनांचे, त्या मशीनचे आणि त्या मॅडमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. ज्यांची मुलं उशिरा पोचतात त्या आयांच्या प्रार्थना माझ्यापेक्षा कमी होत्या, असं म्हणण्याचं पाप माझ्याकडून न होवो.

पण एक गोष्ट घडली, ती जशी घडली तशी लिहिते. आवाज नीट फुटू लागल्यावर, आम्हा दोघांना एकत्र आत सोडलं तेव्हा, रूथने आम्हाला दिवेवाल्याची गोष्ट सांगितली. तिने खरोखर सगळं ऐकलं होतं. जंगूबाई कॉटच्या पायथ्याशी उभ्या राहून कौतुकाने ऐकत होत्या. सांगता सांगता रूथ म्हणाली की विहिरीत त्या मुलीला श्वास घेता येईना, तेव्हा दिवेवाला तिच्याजवळ येऊन बसला. तो म्हणाला, "तू दमलीस ना? तू थांब थोडा वेळ. तोवर तुझा श्वास मी घेतो."

मी जंगूबाईंकडे पाहिलं. हे तुम्ही सांगितलं होतं का, असं विचारलं. त्यांनी मान हलवली. "हे नव्हतं बाई गोष्टीत," त्या म्हणाल्या. "गुरुजीनं असं कधी सांगतलं नाही." मीही सांगितलं नव्हतं. तिच्या घशात नळी होती, मशीन श्वास घेत होतं, तिच्या मनाने ते गोष्टीत ओवलं असेल, असं यजमान नंतर म्हणाले. असेलही. मी विज्ञानाची शिक्षिका आहे, मला ते समजतं. तरी त्या क्षणी जंगूबाईंनी डोक्यावर पदर घेतला.

तेव्हा मी त्यांना सांगितलं की ते गुरुजी माझे वडील. त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, बराच वेळ सोडला नाही. मग विचारलं, "बाई, तो दिवेवाला कोण होता? गुरुजीनं नाव कधीच सांगतलं नाही." आम्ही त्याला ज्या नावाने ओळखतो ते नाव मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते एकदा मनाशी म्हणून पाहिलं. त्यांचे देव वेगळे आहेत, ते तसेच आहेत, आणि मी त्यापुढे काही बोलले नाही.

"आमी त् त्याले दिवेवालाच म्हणतो," त्या म्हणाल्या. "तो येते."

मग बादली उचलून त्या पुढच्या कॉटकडे गेल्या. तिथे आदल्या दिवशी एक लहान मुलगी आली होती आणि तिची आई नुसती उभी होती.